मदत हवी आहे: १९६९ची मस्टँग माक वन घ्यावी की २०१८ची मस्टँग जीटी?

नमस्कार. मी अमेरिकेत मिशिगनमध्ये डेट्रॉइटजवळ राहतो. रोजच्या वापराची गाडी घरात आहे. आता उन्हाळ्यातील शनिवार-रविवारी मनसोक्त चालवण्यासाठी एक व्ही-८ (आठ सिलिंडरच्या इंजिनाची) गाडी घ्यायची आहे. फोर्डच्या मस्टँगपैकी १९६९ची माक वन आणि २०१८ची जीटी या दोन मॅन्युअल गिअरच्या गाड्यांवर निवड येऊन थांबली आहे. जुनी बरीच महाग आहे, तरीही मन तिच्याकडेच ओढ घेते.

वेगाच्या बाबतीत मला शंका नाही. जुन्या गाडीच्या ३५१ घनइंची, चार बॅरल कार्ब्युरेटरच्या (चार नळ्यांतून हवा-इंधन मिसळून देणाऱ्या) इंजिनाची शक्ती त्या काळी २९० अश्वशक्ती सांगितली गेली, पण ती मोजताना गाडीतला एक्झॉस्ट आणि इतर जोडणी लावत नसत. सर्व जोडणीसह मोजलेले आकडे अमेरिकी कंपन्या १९७२च्या मॉडेलांपासून देऊ लागल्या. जीटीच्या ५ लिटर इंजिनाची ४६० अश्वशक्ती या नंतरच्या पद्धतीची आहे, म्हणजे खरा फरक कागदावर दिसतो त्याहून मोठा आहे. शिवाय २०१५पासून सर्वच मस्टँगना मागे स्वतंत्र सस्पेन्शन (दोन्ही चाके वेगवेगळी हलणारे) मिळाले, तर माक वनमध्ये अखंड अ‍ॅक्सल आणि पाट्यांच्या स्प्रिंगा आहेत.

मला खरी काळजी पत्र्याची वाटते. इथे हिवाळ्यात रस्त्यावर मीठ टाकतात आणि या गाडीचे पूर्वीचे हिवाळे कुठे गेले, हे विक्रेत्याला नीट सांगता येत नाही. विंडशील्डखालच्या काउलमध्ये (पत्र्याच्या पोकळ भागात) पाणी साचून तो आतून गंजतो आणि पाणी पायाखालच्या पत्र्यावर उतरते, हे या मस्टँगांचे जुने दुखणे आहे. गाडीला वेगळी चासी नसून बॉडीच सारा भार पेलते, त्यामुळे वरून चकचकीत रंग असला तरी खालच्या फ्रेम रेल (बॉडीला आधार देणाऱ्या लांब पत्र्याच्या तुळया) सडलेल्या असतील तर ती घेण्यात अर्थ नाही. बाहेरून काउल दिसत नाही; डॅशबोर्ड न काढता तो कसा तपासावा?

दुसरा प्रश्न अस्सलपणाचा आहे. गाडीच्या कारखान्याने दिलेल्या ओळख क्रमांकातील (व्हीआयएन) पाचवे अक्षर ‘एम’ आहे, म्हणजे इंजिन चार बॅरलचेच. पण त्या क्रमांकावरून ती माक वन आहे की साधी फास्टबॅक (मागे उतरत्या छताची), हे कळत नाही. दारावरच्या पट्टीवर माक वनचा बॉडी कोड ‘६३सी’ आहे, मात्र अशा पट्ट्या नव्याने बनवूनही मिळतात. मार्टी रिपोर्ट (फोर्डच्या उत्पादन नोंदींवरून त्या गाडीची माहिती देणारा अहवाल) मागवणारच आहे. त्यातील कोणत्या नोंदी प्रत्यक्ष गाडीशी ताडून पाहाव्यात?

तिसरे, चारही चाकांना ड्रम ब्रेक आहेत आणि मुलगा शेजारी बसणार आहे. पुढे डिस्क ब्रेक बसवल्याने मूळ गाडीचे मोल फार घटते का? ज्यांनी दोन्ही काळच्या गाड्या स्वतः वापरल्या आहेत, त्यांनी कृपया सविस्तर लिहावे. जीटीच घ्यावी असे कोणाचे मत असेल, तर तेही कारणांसह हवे आहे.