क्लच कव्हरचा तुटलेला बोल्ट

प्रश्न (कळवा): क्लच कव्हर उघडताना एम-६ (६ मिलिमीटर व्यासाच्या) बोल्टचे डोके तुटले असून उरलेला तुकडा ॲल्युमिनियमच्या केसिंगमध्ये दोन मिलिमीटर आत राहिला आहे. इंजिन न उतरवता तो काढता येईल का?

उत्तर १ (कोपरखैरणे): येईल. गंज सोडवणारे तेल रात्रभर मुरू द्यावे, सेंटर पंचने अगदी मध्यावर खूण करावी आणि उलट्या फिरकीच्या ३ मिलिमीटर ड्रिलने भोक पाडावे. पुष्कळदा तुकडा ड्रिलबरोबरच फिरत बाहेर येतो.

उत्तर २ (ठाणे): हीट गनने केसिंग तापवावे, कारण ॲल्युमिनियम पोलादापेक्षा अधिक प्रसरण पावते. एक्स्ट्रॅक्टरवर (तुटलेला बोल्ट काढायच्या उलट आट्यांच्या हत्यारावर) जोर मात्र लावू नका. माझा एक्स्ट्रॅक्टर आतच तुटला होता आणि त्या कडक पोलादावर साधे ड्रिल नुसते घसरत राहिले.

प्रश्नकर्ता: तुकडा निघाला, पण आटे झिजले आहेत, आता हेलिकॉइल (भोकात नवे आटे देणारी तारेची गुंडाळी) बसवतो.