'रेझिलिअन्स'ला मराठीत काय म्हणायचं? लवचिकता, तग की अजून काही?

वस्तीत काम करणाऱ्या एका गटासाठी माहितीपत्रक लिहितेय. उष्णतेची लाट, अतिवृष्टी, पाणीटंचाई यासाठी लोकांनी मिळून आधीपासून काय तयारी करायची, पावसाचं पाणी कसं साठवायचं, कोणाच्या घरी कोण जाऊन बघणार वगैरे. इंग्रजी मजकुरात 'क्लायमेट रेझिलिअन्स' (म्हणजे हवामानाचे धक्के पचवून टिकणं) दर दोन ओळींनी येतं आणि माझं गाडं तिथेच अडतं. बऱ्याच अनुवादांत 'लवचिकता' दिसतं, कुठे कुठे 'प्रतिरोधक्षमता'. मी 'हवामान लवचिकता' लिहून गटातल्या एका काकूंना वाचायला दिलं तर त्यांनी विचारलं, म्हणजे हवामान लवचिक झालंय का गं? आणि त्यांचं बरोबरच आहे, शब्दावरून तोच अर्थ निघतो. शिवाय 'सस्टेनेबल'साठी 'शाश्वत' हाही मला खटकतो. शाश्वत म्हणजे कधीच न संपणारं ना? सुचवा प्लीज, छापायला द्यायचंय.

प्रतिसाद

लवचिकता नकोच. रबर ताणलं आणि सोडलं की होतं तसं होतं, ती लवचिकता. लॅटिन मुळात उसळून मागे येणं असाच अर्थ आहे हे खरं, त्यामुळे अनुवाद करणाऱ्यांची चूक म्हणता येणार नाही, पण पर्यावरणाच्या अभ्यासात हा शब्द आला तेव्हा अर्थ बदलला. १९७३ साली सी. एस. हॉलिंग या कॅनडाच्या शास्त्रज्ञाने स्थिरता आणि रेझिलिअन्स या दोन वेगळ्या गोष्टी आहेत असं मांडलं. त्याचं उदाहरण तिकडच्या सूचिपर्णी जंगलांचं आहे, तिथे एक अळी अधूनमधून प्रचंड वाढते, झाडंच्या झाडं मारते, मग जवळजवळ दिसेनाशी होते. आकडे बघितले तर काहीच स्थिर नाही, पण जंगल जंगलच राहतं, उलट या उलथापालथीतूनच वेगवेगळ्या जातींची झाडं टिकून राहतात. म्हणजे धक्का पचवून आपलं आपलेपण टिकवणं हे महत्त्वाचं, होतो तिथेच परत येणं नाही. पुरानंतर वस्ती होती तश्शीच परत बांधली तर पुढच्या पुरात परत जाणारच, त्याला काय अर्थ आहे.

प्रतिसाद

मग सरळ 'तग धरणे' घ्या की! सगळ्यांना कळतं. 'हवामान बदलात तग धरणारी वस्ती'.

प्रतिसाद

तग चांगला शब्द आहे पण त्यात नुसतं कसंबसं निभावणं येतं. पीक अजून तग धरून आहे, पेशंट तग धरून आहे असं आपण म्हणतो तेव्हा पुढचं काही सांगता येत नाही असाच सूर असतो. आणि तग ज्याचा त्याने धरायचा असतो, दुसऱ्याचा तग आपल्याला धरता येत नाही. पुरातलं लव्हाळंही इथे कोणीतरी आणेल म्हणून आधीच सांगते, लव्हाळंसुद्धा एकेकटंच वाकतं.

माझं मत 'सावरणे'. हे क्रियापद किती ठिकाणी चालतं बघा. तोल सावरला, म्हणजे पडायच्या आत. पडला पण सावरला, म्हणजे पडल्यावर. तिने त्याला सावरलं, म्हणजे दुसऱ्याला. आणि 'वडील गेल्यावर थोरलीने घर सावरलं' यात तर ते घर आधीसारखं उरलेलंच नाही, तरी घर म्हणून उभं आहे, म्हणजे वर हॉलिंगचं जे सांगितलंय तेच. तयारी, धक्क्यानंतर उठणं, एकमेकांना धरणं आणि बदलून टिकणं, सगळं एका शब्दात. स्वतः सावरणं आणि दुसऱ्याला सावरणं दोन्हीला एकच क्रियापद आहे हे मला फार मोलाचं वाटतं, कारण वस्तीचा प्रश्न नेमका तिथेच असतो.

शिकागोत जुलै १९९५ मध्ये उष्णतेची लाट आली त्यात ७०० हून जास्त माणसं गेली, त्यात एकटी राहणारी म्हातारी माणसं खूप होती. एरिक क्लायनेनबर्ग या समाजशास्त्रज्ञाने नंतर शेजारशेजारच्या दोन वस्त्या तपासल्या. गरिबी दोन्हीकडे, एकटे म्हातारे दोन्हीकडे, पण मृत्यूंच्या प्रमाणात खूप मोठा फरक. जिथे रस्ते गजबजलेले होते, लोक घराबाहेर पडत होते, कोणीतरी दार वाजवून विचारत होतं, तिथे माणसं वाचली. ही लवचिकता नाही आणि तगही नाही, हे सावरणंच आहे. पत्रकात 'कोणाच्या घरी कोण जाऊन बघणार' ही यादी आहे म्हणालात, ती कृपा करून पहिल्या पानावर घ्या.

प्रतिसाद

सावरणे एकदम पटलं. नाम काय करणार पण? 'सावरक्षमता' ऐकायला जड आहे.

प्रतिसाद

'शाश्वत'बद्दल. शाश्वत सत्य, शाश्वत आनंद इथे तो शब्द शोभतो, पण 'शाश्वत विकास' म्हटलं की विकासच कायम चालू राहणार असं वाटतं आणि मुद्दा तर उलटा आहे. 'टिकाऊ' वस्तूला ठीक. या कल्पनेचं मूळ शोधलं तर जर्मनीत सॅक्सनीमध्ये जातं. कार्लोविट्झ नावाचा खाण खात्याचा अधिकारी होता, धातू गाळायला इतकं लाकूड लागायचं की जंगलं संपत आली, तेव्हा १७१३ मध्ये त्याने लिहिलं की जंगल वाढेल तेवढंच तोडा, म्हणजे पुढेही मिळत राहील. संयुक्त राष्ट्रांच्या ब्रुंटलंड आयोगाने १९८७ मध्ये केलेल्या व्याख्येतही तेच आहे, आजच्या गरजा भागवा पण पुढच्यांच्या गरजांना धक्का लावू नका. आता याला आपल्याकडे काय म्हणतात? पुरवून वापरणं! 'जरा पुरवून वापर', 'अजून चार दिवस पुरवायचंय', 'हे पुरवठ्याला येतं'. रोजच्या बोलण्यातला शब्द आहे आणि त्यात 'पुढे कोणालातरी लागणार आहे' हे आपोआप येतं. शाळेच्या पुस्तकात शाश्वत राहू दे, पत्रकात 'पुरवून वापरणं' लिहा.

प्रतिसाद

अजून एक, 'कम्युनिटी'ला 'समाज' लिहू नका. 'आमचा समाज' म्हटलं की लोक जात समजतात. आणि 'अॅडाप्टेशन'ला 'जुळवून घेणे' पण टाळा, 'अनुकूलन' कितीही पुस्तकी असलं तरी तेच बरं. जुळवून घे हे नेहमी ज्याचं चालत नाही त्यालाच सांगितलं जातं. हवामान बिघडवणारा धूर ज्यांनी कमी सोडला त्यांनाच परत तेच सांगायचं हे मला वाचवत नाही.

प्रतिसाद

सगळ्यांचे खूप खूप आभार, रात्री बसून पूर्ण पत्रक परत लिहिलं. 'लवचिकता' सगळीकडून काढला, 'समाज'च्या जागी 'वस्ती' केलं. नामाचं कोडं सुटलं नाही म्हणून नामच टाळलं, क्रियापदावर भागवलं: 'ऊन वाढलं तर आपण एकमेकांना कसं सावरायचं', 'पाणी पुरवून कसं वापरायचं'. 'अनुकूलन' एकदाच ठेवलंय, त्याच्या पुढे 'बदलत्या हवामानाप्रमाणे घर, काम, वेळा बदलणं' असं लिहिलंय. यादी पहिल्या पानावर घेतली. काकूंना परत वाचायला दिलं, या वेळी त्यांनी शब्दांबद्दल काही विचारलं नाही, यादीत मागच्या गल्लीतल्या दोन आजींची नावं राहिलीयत तेवढं सांगितलं.