सल्ला हवा: पायाची करंगळी मोडली, कराटेची बेल्ट परीक्षा तीन आठवड्यांवर

दिग्रसकर
भाचीसाठी विचारतो आहे. वय 13, वजन 41 किलो, शोतोकान कराटे. फाईटच्या सरावात उजव्या पायानं मावाशी गेरी (बाजूनं गोल फिरवून मारायची किक) मारली, समोरच्या मुलीनं कोपर खाली घेतलं आणि करंगळी नेमकी कोपरावर बसली. ग्रामीण रुग्णालयात एक्स-रे काढला. करंगळीच्या बुडच्या हाडाला चीर आहे, हाड सरकलेलं नाही. जखम नाही, नख शाबूत. डॉक्टरांनी शेजारच्या बोटाला बांधून दिलं आणि सहा आठवडे कराटे बंद सांगितलं. आज चौथा दिवस.

पट्टी घरी कशी बदलायची? शाळेत जाताना पायात काय घालायचं, कारण रस्ता म्हणजे नुसता चिखल? आणि परीक्षेचं काय? कता (ठरलेल्या क्रमानं एकट्यानं करायच्या हालचाली) हेइयान गोदान आहे. बजेट 500 रुपये. सोयाबीन अजून वावरात उभं आहे, त्याच्या वर जमणार नाही.

काटोलचा_संत्रा
500 विसरा भाऊ. ऑनलाइन वॉकर बूट मिळतो, गुडघ्याच्या खालपर्यंत येणारा, आत हवा भरायची सोय असलेला. 2,800 चा आहे. माझ्याकडे आहे, चीज एक नंबर. हाडाच्या बाबतीत पैशाकडे पाहू नये.

निळा_पट्टा
करंगळीला वॉकर बूट? घोटा मोडल्यावर किंवा तळपायाची लांब हाडं मोडल्यावर घालतात तो. त्याचा तळ जाड, एक पाय उंच होतो, पोरगी लंगडत चालते आणि कंबर धरते. चिखलात तर तो काढायलाच दुसरा माणूस लागेल.

वऱ्हाडी_ठेचा
एक्स-रे कायले काढला बावा? बोट हालते का पाहाचं. हालते तं मोडलं नाई. आमच्याकडं हाड बसवणारा आहे, कांडवेलीचा लेप लावते आन् बांबूच्या कामट्या बांधते. पंधरा दिवसात पोट्टी धावते.

फिजिओ_वर्धा
बोट हलतं म्हणजे मोडलेलं नाही, हे खरं नाही. बोट हलवणारे स्नायू पोटरीत आणि तळपायात असतात, हाडाला चीर असली तरी ते ओढतातच. घरी पाहायचं तर बोटाच्या टोकावर सरळ मागे हलका दाब द्या. दुखणं टोकाला न होता बुडाशी उमटलं तर हाडाचा संशय घ्यायचा.

सरकलेलं नाही असं लेखी असताना ते बोट कोणाला ओढू देऊ नका. न सरकलेलं हाड ओढूनच सरकतं. लेपाखाली कातडीला फोड येतात आणि कामट्या करकचून बांधल्या तर बोटाचं रक्त अडतं.

आता पट्टी. लागतं काय? अर्धा इंची कागदी चिकटपट्टी (मेडिकलमध्ये मायक्रोपोर मागा), गॉजचा छोटा पुडा, संपलं. शंभराच्या आसपास काम होतं.

पाय धुवा. बोटांच्या मधली जागा पूर्ण कोरडी करा, ही पायरी लोक गाळतात. गॉजची दोन पदरी बारीक घडी करून करंगळी आणि चौथ्या बोटाच्या मधे बुडापर्यंत सरकवा. एक पट्टी बोटांच्या बुडाशी, दुसरी मधल्या सांध्याच्या पुढे. सांधा आणि टोक उघडं ठेवा. पट्टी ओढून ताणायची नाही, नुसती टेकवत फिरवायची. मग करंगळीचं नख दाबून सोडा, पांढरं झालेलं नख दोन सेकंदांत गुलाबी झालं पाहिजे. बोट निळं, थंड किंवा बधिर झालं तर लगेच सोडा. तिसरं बोट यात घेऊ नका.

पट्टी करण्याआधी दोन्ही पाय शेजारी ठेवून दोन्ही करंगळ्यांची नखं एका रोखात आहेत का पाहा. मोडलेली बाहेर झुकलेली किंवा फिरलेली दिसली, तर परत डॉक्टर. बोट बधिर करून सरळ करता येतं, पण ते पहिल्या आठवड्यात सोपं, नंतर अवघड.

सुगरण_पुसद
वरचं सगळं बरोबर, पण पावसाळ्यात पट्टी रोज बदला. दोन दिवसांनी बदलली तर बोटांच्या मधे चिखल्या होतात, मग हाडापेक्षा त्याच जास्त ठणकतात. शाळेतून आल्यावर पट्टी सोडून पाय अर्धा तास उघडा ठेवा, तेवढा वेळ चालायचं नाही. कातडी पांढरी भिजल्यासारखी दिसली तर रात्री पट्टी नको, गॉज तेवढा राहू द्या. पट्टी बदलताना बोटाला तेल चोळू नका. चिकटपट्टी धरत नाही आणि चोळल्यानं सूज वाढते.

चपलेचं म्हणाल तर एमसीआरची (खास रबराच्या तळाची) घ्या, मऊ असते, 350 ला मिळते.

निळा_पट्टा
ताई, एमसीआर मधुमेहाच्या पायासाठी, कारण ती दाब पसरवते. इथे उलटं हवं. टाच उचलली की बोटं बुडाशी वाकतात, ती वाकू नयेत म्हणून तळ कडक पाहिजे. दुकानात चप्पल-बूट हातात धरून पुढचं टोक आणि टाच एकमेकांकडे वाकवून पाहा. बोटांच्या जागी सहज दुमडला तर कामाचा नाही. स्लीपर तर नकोच. ती पायात राहावी म्हणून बोटं आवळून चालावं लागतं.

सुगरण_पुसद
कडक चप्पल चिखलात घसरते. घसरून दुसरं बोट मोडलं तर?

काटोलचा_संत्रा
वॉकर बूट घसरत नाही. तळाला खाचा आहेत.

सेलू_बाजार
नवीन काहीच घेऊ नका. शाळेचा काळा बूट असेलच. आतला सुकतळा काढा, परीक्षेच्या प्लॅस्टिकच्या पॅडवर ठेवून रेघ मारा, त्या आकाराचा तुकडा कापा, कडा कानशीनं गोल घासा, बुटात घाला आणि वर सुकतळा ठेवा. तळ फळीसारखा कडक होतो. पुठ्ठ्याचं पॅड नको, ओलाव्यानं फुगतं. बूट घट्ट झाला तर पातळ मोजा घाला. तरी करंगळी दाबली जात असेल तर जुन्या कॅनव्हास बुटाला करंगळीच्या जागी रुपयाएवढं भोक पाडा. चिखलात मात्र ते भोक नको, तिथे धड बूटच. खर्च शून्य.

आखाडा_अचलपूर
हे सगळं फरशीवर अनवाणी उड्या मारल्यामुळं. कुस्तीच्या लाल मातीत बोट रुततं, आदळत नाही. कुस्ती शिकवा पोरीला.

मॅटवाला
लाल मातीतही अंगठे मुरगळतात काका. आणि हे बोट जमिनीवर नाही, कोपरावर मोडलं. मॅट असता तरी मोडलंच असतं.

तरी मॅटचं सांगून ठेवतो. कोड्यासारखे जोडायचे एक मीटर बाय एक मीटरचे मॅट बरेच क्लास वापरतात. वापरून वापरून जोड सैल होतात, फटीत करंगळी अडकते, वरून अंग फिरतं आणि बोट बाजूला मोडतं. सगळे मॅट भिंतीला भिडवून घाला, उघड्या बाजूंना लाकडी पट्टी ठोका, म्हणजे जोड सुटत नाहीत. फरशीवर सतरंजी टाकणं सगळ्यात वाईट. सतरंजी सरकते आणि सुरकुतीत बोट जातं.

आखाडा_अचलपूर
कुस्तीत फट नसते.

वऱ्हाडी_ठेचा
कबड्डीत तं बोटं रोजच मोडतात, कोनी परीक्षेचं इचारत नाई.

निळा_पट्टा
मूळ चूक किकमध्ये आहे, तिकडे या. मावाशी पायाच्या वरच्या बाजूनं मारायची तर बोटं पुढे ताणून खाली दाबलेली हवीत, म्हणजे लागताना पायाची पाठ पुढे येते. बोटं सैल राहिली की करंगळी बाहेर लोंबते आणि आधी तीच भिडते. माए गेरीत (समोर सरळ मारायची किक) उलट, बोटं वर ओढून चवड्यानं मारायचं. दोन्ही किक एकापाठोपाठ मारताना बोटांची ही अदलाबदल करायला मुलं विसरतात. खुर्चीवर बसून ताण-वर-ताण-वर असा सराव डाव्या पायानं आत्ताही करता येईल. फूट गार्ड वापरत असाल तर ध्यानात ठेवा, बहुतेक गार्ड पायाची पाठ झाकतात, बोटं उघडीच राहतात.

काटोलचा_संत्रा
दुखत असेल तर डायक्लोफेनॅकची गोळी द्या. चांगली लागू पडते.

फिजिओ_वर्धा
वय वाचलं का कोणी? तेरा आहे, म्हणून ही गोळी आपल्या मनानं नाही. पॅरासिटामॉल पुरतं. किलोमागे 10 ते 15 मिलिग्रॅम, म्हणजे 41 किलोला एका वेळी 500 ची एक गोळी, दोन गोळ्यांत किमान सहा तास, दिवसात जास्तीत जास्त चार. पाचव्या-सहाव्या दिवसानंतर सहसा लागतही नाही. आणि सध्या डेंगूचे दिवस आहेत. ताप असताना डायक्लोफेनॅक, आयबुप्रोफेन, अॅस्पिरिन घरात कोणालाच देऊ नका.

वयाची दुसरी बाजू. बुडच्या हाडाच्या मुळाशी वाढीची चकती असते आणि या वयात ती बऱ्याचदा बंद झालेली नसते. चीर चकतीतून गेली आहे का, एवढा एकच प्रश्न डॉक्टरांना विचारा. नसेल तर चांगली बातमी अशी की मुलांचं करंगळीचं हाड तीन-चार आठवड्यांत धरतं, मोठ्यांना चार ते सहा लागतात. दुखणं गेल्यावरही एक्स-रेमध्ये रेघ बरेच दिवस दिसते, तिला घाबरून पुन्हा पुन्हा एक्स-रे काढू नका.

धावत जायची कारणं वेगळी. नखाच्या बुडातून रक्त आलं असेल तर ते हाड उघडं पडलं असं धरतात. नख उचललं गेलं असेल, बोट वाकडं असेल, अंगठा मोडला असेल. तळपायाच्या बाहेरच्या कडेला, मध्यावर जे हाडाचं टेंगूळ लागतं तिथे दाबल्यावर दुखत असेल तर तेही दाखवा. ते करंगळीच्या मागचं लांब हाड, त्याचा उपचार वेगळा.

वऱ्हाडी_ठेचा
यवतमाळच्या मेडिकल कॉलेजले जा मंग. दिवस जाते पूर्ण.

सेलू_बाजार
पहिला एक्स-रे जिथे काढला तिथेच दाखवा. सार्वजनिक आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत ऑगस्ट 2023 पासून उपचार मोफत आहेत. फिल्म सोबत न्या, नाहीतर परत काढायला लावतील.

दिग्रसकर
डॉक्टरांना विचारून आलो. चीर चकतीपासून दूर आहे. नखं दोन्हीकडे सारखी. बाहेरच्या टेंगळावर दाबलं, दुखत नाही. परीक्षेचं कोणीच बोललं नाही.

निळा_पट्टा
बोलतो. गोदानमध्ये उडी आहे, पाय क्रॉस करून खाली बसतं उतरायचं. तीन आठवड्यांच्या हाडावर ती नको. बाकी कता नीट पाहिली तर करंगळीला त्रास कुठे आहे? वळताना. पाय चवड्यावर फिरतो आणि खडबडीत फरशी करंगळीला मागे धरून ठेवते. किबा दाचीत (पाय फाकवून, गुडघे वाकवून उभं राहणं) गुडघे बाहेर ढकलले की भार पायाच्या बाहेरच्या कडेवर येतो, तिथेही.

किहोनमधली (सुट्या हालचालींचा सराव) योको गेरी (बाजूला मारायची किक) पूर्ण बंद. ती पायाच्या बाहेरच्या धारेनं मारतात, म्हणजे करंगळीच्याच बाजूनं. डाव्या पायानं किक मारली तरी उभा पाय उजवा राहतो आणि तो जमिनीवर फिरतो, त्यामुळे डाव्या पायाची किकसुद्धा निर्धोक नाही.

आत्ता चालेल ते: खुर्चीवर बसून हातांचे सगळे ब्लॉक आणि पंच, सिट-अप, गुडघ्यांवर पुश-अप (पंज्यावर नको, बोटं काटकोनात वाकतात), लोंबकळून पुल-अप. दोरीउड्या आणि धावणं बंद. सायकल चालेल, पण पेडल चवड्याखाली न घेता पायाच्या मध्याखाली घ्या.

परतायचं कधी? बोट दाबून दुखत नाही, पट्टीशिवाय चालून दुखत नाही, चवड्यांवर वीस वेळा उठबस, मग एका पायावर दहा उड्या. हे सगळं न दुखता जमलं की आधी हवेत किक, आठवडाभरानं किकच्या पॅडवर, फाईट सगळ्यात शेवटी, तीही बोटं बांधून. साधारण सहावा-सातवा आठवडा. ही परीक्षा सोडा, पुढची द्या.

सुगरण_पुसद
सोडाच. परीक्षा काय, दर काही महिन्यांनी असतेच.

आखाडा_अचलपूर
सोडा. कराटेही सोडा.

काटोलचा_संत्रा
परीक्षा द्यायची तर बूट घालून देऊ देतात का विचारा.

फिजिओ_वर्धा
मीही पुढची द्या असंच म्हणेन. तीन आठवड्यांनी हाड धरलेलं असलं तरी घट्ट झालेलं नसतं.

दिग्रसकर
सगळ्यांचे आभार. पट्टी वर सांगितली तशी रोज बदलतो आहे, चिखल्या नाहीत. पॅड कापून बुटात घातलं, बूट घट्ट झाला म्हणून काढून टाकलं. आता तिच्या आईनं बाजारातून गमबूट आणले 320 चे. तळ फार कडक नाही हे माहीत आहे, पण चिखलात तेच चालतात आणि करंगळीला जागा भरपूर आहे.

परीक्षा देणार आहे. फी भरली आहे आणि ती ऐकत नाही. सरांशी बोललो. उडीच्या जागी नुसतं पाऊल पुढे टाकायचं, उजव्या पायानं किक नाही, फाईट नाही. मार्क जातील तेवढे जातील म्हणाले.

निळा_पट्टा
डाव्या पायाच्या किकचं काय ठरलं? तीही काढून टाका. आणि परीक्षेत वळण टाचेवर घ्यायला सांगा, चवड्यावर नको. आजपासूनच हॉलमध्ये हळू चालून टाचेवर वळायची सवय लावा, नाहीतर त्या दिवशी पाय जुन्या सवयीनंच फिरेल.

फिजिओ_वर्धा
गमबुटात पाय घामानं भिजतो. शाळेत पोचल्यावर मोजे बदला, जादाची कोरडी जोडी दप्तरात ठेवा. परीक्षेच्या आदल्या दिवशी दाबून दुखलं तर जायचं नाही, हे तिच्याकडून आत्ताच कबूल करून घ्या. त्या दिवशी पट्टी नवीन लावा. अनवाणी घामानं जुनी पट्टी गोळा होते आणि पायाखाली येते.

वऱ्हाडी_ठेचा
गमबूट 320 ले कुठं भेटले बावा? आमच्या इथं 450 सांगून राह्यला.

मॅटवाला
दिग्रसकर, त्या क्लासचे मॅट किती जाड आहेत? 20 मिमीचे असतील तर सरांना सांगा, काढायचे झाले तर मी घेतो.