मदत हवी आहे: लिलावात 'मूळ १९६८ ची' म्हणून घेतलेली खेळण्यातली गाडी मूळ वाटत नाही, दावा कसा मांडावा?

चाकोरी (धागाकर्ता)

एका ऑनलाइन लिलावात एकाच विक्रेत्याकडून तीन जुन्या खेळण्यांचा लॉट घेतला. पार्सल येऊन चार दिवस झाले. साइट आणि विक्रेत्याचं नाव देत नाही, प्रश्न वस्तूंचा आणि दाव्याचा आहे.

१) हॉट व्हील्सची कस्टम मस्टँग, लाल रेघेची चाकं. वर्णनात होतं: "मूळ १९६८, रंग कारखान्याचा." हातात आलेल्या गाडीचा रंग जाडसर आणि सगळीकडे अगदी एकसारखा आहे. तळावर जुनं कॉपीराइट साल आहे, पण त्याच्याखाली बारीक अक्षरांत 'मलेशिया' लिहिलंय.

२) केनर कंपनीचा स्टॉर्मट्रूपर ('स्टार वॉर्स'मधल्या सैनिकाची बाहुली), बंदुकीसह. वर्णन: "सर्व भाग मूळ." बंदुकीला तेलकट चमक आहे आणि कडा बोथट आहेत.

३) कॉर्गी कंपनीची २६१ क्रमांकाची सोनेरी ॲस्टन मार्टिन (जेम्स बाँडची गाडी), "मूळ खोक्यासह." गाडी बरी वाटते, खोका संशयास्पद.

विक्रेत्याचं म्हणणं, "तळावर साल छापलेलं आहे, अजून काय पुरावा हवा? थोडी रक्कम परत देतो, पण दावा करू नका."

प्रश्न दोन: कोणत्या वस्तूबद्दल खात्रीने 'नकली' म्हणता येईल? आणि दाव्यात नेमकं काय लिहायचं?

---

भिंगवाला

विक्रेता सालाच्या आड लपतोय. तळावरचं साल हे साच्याचं कॉपीराइट साल असतं, गाडी तयार झाल्याचं नव्हे. तोच साचा किंवा त्याची नक्कल पंचवीस वर्षांनी वापरली तरी साल तेच राहतं. मॅटेलने हॉट व्हील्स १९६८ मध्ये बाजारात आणल्या आणि लाल रेघेची चाकं १९७७ पर्यंत चालली. १९९३ मध्ये, पंचविशीच्या निमित्ताने, कंपनीनेच जुन्या मॉडेलांच्या नव्या आवृत्त्या काढल्या. त्या काही नकली नव्हेत. नव्या आवृत्तीला '१९६८' म्हणून विकणं ही फसवणूक.

देशाचं नाव मात्र बदलतं. १९६८ च्या गाड्या अमेरिकेत किंवा हाँगकाँगमध्ये बनल्या. तुमच्या तळावर 'मलेशिया' आहे, म्हणजे निदान तो तळ तरी १९६८ चा नाही. लॉटमधला सगळ्यात भक्कम मुद्दा हाच. बाकीचं सगळं याच्या मागे उभं करा.

आता गाडी हातात घ्या आणि एवढं तपासा. कुठलीही गोष्ट खरवडू नका, उघडू नका.

रिव्हेट: तळ आणि वरचा साचा जोडणाऱ्या रिव्हेटचं डोकं कारखान्यात दाबून पसरवलेलं असतं. ते गोल, सलग आणि तळाच्याच झिजेचं दिसायला हवं. मध्ये ड्रिलचं भोक, छोटा स्क्रू, गोंदाचा ठिपका किंवा आजूबाजूच्या धातूपेक्षा ताजी चकाकी दिसली तर गाडी कधीतरी उघडली आहे. उघडली असेल तर चाकं, काच, आतली सीट यांतलं काहीही बदललेलं असू शकतं.

आस: १९६८ च्या गाड्यांना वाकवलेल्या बारीक तारेचे आस असत, त्यांनाच सस्पेन्शन म्हणायचे. सपाट काचेवर ठेवून छतावर बोट दाबा. खाली बसून परत वर आली पाहिजे. सरळ, ताठ आस असेल तर गाडी दबणारच नाही. फक्त एक लक्षात ठेवा: जुन्या गाडीचा आस अडकलेला किंवा वाकलेलाही असू शकतो, म्हणून दाव्यात हा दुसऱ्या क्रमांकाचा मुद्दा.

रंग: त्या काळचा स्पेक्ट्राफ्लेम रंग पारदर्शक असे, चकचकीत घासलेल्या धातूवर दिलेला. म्हणून तो आतून उजळल्यासारखा दिसतो. दाराच्या कडा, बोनेटच्या घड्या, बंपरची टोकं भिंगाखाली पाहा. मूळ रंग झिजतो तो नेमका उंचवट्यांवर, आणि खाली धातू दिसतो. पन्नास वर्षांत त्यावर बारीक काळपट ठिपकेही येतात, संग्राहक त्याला टोनिंग म्हणतात. पुन्हा रंगवलेल्या गाडीत रंग खाचांमध्ये साचलेला असतो, रिव्हेटच्या खांद्यावर उडालेला असतो आणि ठिपके नसतात.

---

पत्र्याचा घोडा

तीनही वस्तू एकाच लिस्टिंगमध्ये होत्या ना? मग दावा करण्याआधी एक हिशेब करा, तो नंतर अडतो. एक लॉट म्हणजे साइटच्या दृष्टीने एक व्यवहार. 'मस्टँग परत घ्या, बाकी दोन ठेवतो' असं सहसा चालत नाही. तिन्ही परत द्याव्या लागतील. कॉर्गी खरी असेल आणि तुम्हाला ती हवी असेल तर ती गमावायची तयारी आहे का ते आधी ठरवा.

ठरवण्यासाठी कॉर्गी नीट तपासा. २६१ क्रमांकाची गाडी १९६५ ची, सोनेरी. बाँडच्या चित्रपटातली गाडी चंदेरी होती, त्यामुळे 'सोनेरी म्हणजे नकली' असं समजून पुष्कळ जण घाबरतात. तसं नाही, चंदेरी २७० नंतर, १९६८ मध्ये आली. २६१ चे भाग चालवून पाहा: एक्झॉस्ट दाबला की मागची ढाल वर येते, बाजूच्या खटक्यांपैकी एकाने पुढच्या बंदुका बाहेर येतात, दुसऱ्याने छत उघडून माणूस उडतो. सोबत 'गुप्त सूचनां'चं पाकीट आणि एक जादा माणूस यायचा. ते नसेल आणि विक्रेत्याने 'पूर्ण' म्हटलं नसेल, तर मात्र तक्रार करता येणार नाही. शब्द नीट वाचा.

खोक्यासाठी यूव्ही (अतिनील प्रकाशाचा) टॉर्च मारून पाहा. कागद निळसर पांढरा लखलखला तर तो अलीकडचा.

---

भिंगवाला

@पत्र्याचा घोडा, यूव्हीबद्दल थोडी दुरुस्ती. कागद लखलखवणारी रसायनं १९५० च्या सुमारास वापरात येऊ लागली. त्यामुळे दुसऱ्या महायुद्धाआधीच्या डिंकी कंपनीच्या गाडीच्या किंवा पत्र्याच्या खेळण्याच्या खोक्यासाठी ही चाचणी उत्तम, पण १९६५ च्या खोक्याबाबत ती काहीच सिद्ध करत नाही. त्या काळचा खरा कागदही लखलखू शकतो.

इथे छपाई बघायची. दहा पट मोठं दाखवणारं भिंग खोक्यावर टेकवा, एकसंध रंगाच्या जागी. ऑफसेट (छापखान्यातल्या) छपाईचे ठिपके ठरावीक ओळीत, ठरावीक अंतरावर दिसतात, आणि सलग रंग छापला असेल तर ठिपके नसतातच. घरगुती इंकजेटचे ठिपके मात्र वाळू उधळल्यासारखे विखुरलेले असतात. लेझर प्रिंटची शाई कागदावर बसलेली, किंचित चकाकणारी दिसते, आणि घडीवर तिचे टवके उडतात. अक्षरांच्या कडाही पाहा. मूळ काळ्या अक्षराची कड स्वच्छ असते, स्कॅन करून छापलेल्या अक्षराभोवती रंगीत ठिपक्यांची धूसर किनार दिसते. नकलेत आणखी एक हमखास खूण: जुन्या खोक्यावरची चुरगळ आणि डागसुद्धा *छापलेले* असतात. डाग दिसतो तिथे बोट फिरवा, कागद गुळगुळीत लागला तर तो डाग नव्हे, डागाचा फोटो आहे.

---

गाठोडं

स्टॉर्मट्रूपरबद्दल. पायामागे जी.एम.एफ.जी.आय. आणि १९७७ असा शिक्का असेल. तेही कॉपीराइटच, त्यावर फार विसंबू नका. बंदुकीवर कुठलाच शिक्का नसतो, म्हणून सगळ्यात जास्त लबाडी तिथे होते. माणूस खरा, बंदूक नवी.

पाण्यात टाकून बघा असं सगळे सांगतात: मूळ बंदुका तरंगतात, नकली बुडतात. ही फक्त पहिली चाळणी समजा. न तरंगणाऱ्या मूळ बंदुका आहेत आणि तरंगणाऱ्या नकलाही आता निघतात. पाण्यात सोडताना बुडबुडा चिकटला तरी निकाल फिरतो, म्हणून आधी ओल्या बोटाने पुसून घ्या. खरी ओळख तपशिलात असते. घोड्याभोवतालची कड, नळीच्या खाचा, साच्याची शिवण कुठून जाते, हे खात्रीच्या मूळ बंदुकीच्या फोटोशेजारी ठेवून मोजा. नक्कल मूळ बंदुकीवरूनच साचा काढून केलेली असते, त्यामुळे कोपरे बोथट होतात आणि वस्तू किंचित आखडते.

माणसाचं अंग संशयास्पद पांढरंशुभ्र असेल तर हायड्रोजन पेरॉक्साइडने उजळवलेलं असू शकतं. सांध्याच्या आत पाहा. हात वर केल्यावर खांद्याखालचा भाग पिवळट आणि बाहेरचा पांढरा असेल तर उघड आहे.

पण दाव्यात बंदुकीचा मुद्दा पहिला घेऊ नका. 'चमक तेलकट आहे' हे साइटवरच्या तपासनिसाला फोटोत दिसणार नाही.

---

शून्यबाकी

आता दाव्याचं. बहुतेक दावे इथेच फसतात, कारण माणूस रागात लिहितो. "नकली आहे, विक्रेता लबाड आहे" हे मत झालं. तपासणाऱ्याला खेळण्यांतलं कळत नसतं, त्याला दोन गोष्टींतला फरक दिसला पाहिजे: वर्णनात हे लिहिलं, वस्तूवर ते आहे. दाव्याचं कारण 'वर्णनाप्रमाणे नाही' हेच निवडा.

मजकूर साधारण असा ठेवा:

"वर्णन: मूळ १९६८. मिळालेल्या वस्तूच्या तळावर 'मलेशिया' असं कोरलेलं आहे (फोटो १). १९६८ मध्ये या गाड्या अमेरिका आणि हाँगकाँग येथे बनत. तळावरचं साल साच्याच्या कॉपीराइटचं आहे. वर्णन: मूळ खोका. मिळालेला खोका इंकजेट छपाईचा आहे (फोटो २, भिंगातून). संपूर्ण रक्कम परत हवी, वस्तू परत देण्यास तयार आहे."

बस. बंदूक, रंग, विक्रेत्याचे निरोप, यांतलं काही विचारलं तरच द्या.

आज करायच्या गोष्टी: लिस्टिंगचं पूर्ण पान, वर्णन, क्रमांक आणि सर्व फोटो पीडीएफ करून ठेवा, विक्रेते नंतर मजकूर बदलतात. लिस्टिंगमधल्या फोटोतले टवके आणि ओरखडे तुमच्या गाडीवर शोधा. ते बोटांच्या ठशासारखे असतात. फोटोत डाव्या दारावर टवका आहे आणि तुमच्या गाडीवर नाही, तर वस्तूच बदलून पाठवली आहे, आणि तो मुद्दा मलेशियाइतकाच भक्कम. ते फोटो इंटरनेटवर चित्रशोधात टाकून बघा, दुसऱ्याच कुणाच्या जुन्या लिलावातले निघू शकतात.

थोडी रक्कम घेऊ नका. अर्धवट परतावा स्वीकारला की बऱ्याच ठिकाणी प्रकरण मिटलं असं धरतात. "आधी दावा बंद करा, मग पैसे पाठवतो" याला तर अजिबात होकार देऊ नका. पेपलवर एकदा बंद केलेली तक्रार पुन्हा उघडत नाही.

मुदती: ईबेच्या हमीत वस्तू मिळाल्यापासून ३० दिवस. विक्रेत्याला उत्तरासाठी कामकाजाचे ३ दिवस, नंतर ईबेला मध्ये पडायला सांगता येतं. पेपलवर पैसे दिल्यापासून १८० दिवसांत तक्रार, आणि तक्रार उघडल्यावर २० दिवसांत तिचं दाव्यात रूपांतर करावं लागतं, नाहीतर आपोआप बंद होते. 'मित्र आणि कुटुंबीय' पर्यायाने पैसे पाठवले असतील तर ते संरक्षणच नाही. कार्डाचा चार्जबॅक (बँकेमार्फत पैसे परत मागणं) शेवटी ठेवा. साइटचा दावा चालू असताना बँकेकडे गेलात तर साइट आपलं प्रकरण बंद करते.

---

चाकोरी

सगळ्यांचे मनापासून आभार. भिंगातून पाहिलं, खोक्याचे ठिपके विखुरलेलेच आहेत. आणि दाराखालचा टवका फोटोत आहे, गाडीवर नाही! तिन्ही वस्तू परत द्यायचं ठरवलं. आता बोली-इतिहास पाहताना दिसलं की सारखी बोली चढवणाऱ्या एकाच्या जवळजवळ सगळ्या बोल्या याच विक्रेत्याच्या वस्तूंवर आहेत. हेही दाव्यात लिहू का?

---

शून्यबाकी

नको. तो स्वतःच किंवा साथीदाराकडून भाव चढवतो असा संशय रास्त आहे, पण त्याची तक्रार साइटच्या वेगळ्या फॉर्मवर करा, रिफंड हातात आल्यावर. दाव्यात घातलं की तपासनिसाचं लक्ष मलेशियावरून उडतं. वाईट अभिप्रायही तेव्हाच द्या.

परत पाठवताना: दावा मंजूर झाल्यावर साइटने दिलेल्याच पत्त्यावर, ट्रॅकिंग आणि सहीसकट. विक्रेत्याने निरोपातून दुसरा पत्ता दिला तर तिथे पाठवू नका. तळाचा क्लोजअप, तिन्ही वस्तू खोक्यात ठेवताना, टेप लावताना आणि काट्यावरचं वजन, हे सगळं एकाच न तोडलेल्या व्हिडिओत घ्या. पावतीवर वजन लिहून घ्या. 'रिकामा खोका आला' असा उलटा दावा विक्रेते करतात, तेव्हा पावतीवरचे ग्रॅम कामी येतात.

---

गाठोडं

आणि गाडी पाठवण्याआधी पुसू नका, पाण्यात सोडलेली बंदूक मात्र पूर्ण वाळवून टिश्यूत वेगळी गुंडाळा. ती मोकळी ठेवली तर खोक्याच्या फटीतून पडते, आणि 'एक भाग कमी' म्हणून परतावा कापला जातो.