चिऱ्याची भिंत: गिलावा केल्यावर ओल आणखी वर का चढली?

राजापूरचा_चाकरमानी: गावचं घर जांभ्याच्या चिऱ्यांचं, आजोबांनी बांधलेलं. ओल असायची ती जोत्यापासून गुडघाभर. गेल्या उन्हाळ्यात आतून सिमेंटचा गिलावा करून वॉटरप्रूफ रंग मारला. आता ओल खिडकीला टेकली आहे, पोपडे सुटतायत, मागे पांढरी पूड. मिस्त्री म्हणतो अजून एक हात मारू. मारू का?

ठाणे_वेस्ट: कमरेपर्यंत टाइल लावा. आमच्याकडे लावल्यापासून काही दिसत नाही.

गवंडीकाका: दिसत नाही म्हणजे गेली असं नाही, ठाणेकर. टाइलच्या वर डोकं काढेल.

चाकरमानी, रंग अजिबात नको. जांभ्याला बोट जाईल एवढी भोकं असतात, लोकांना वाटतं पाणी त्यातूनच चढतं. १ मिलिमीटरच्या नळीत पाणी जेमतेम ३ सेंटिमीटर चढतं, ०.१ मिलिमीटरच्या नळीत ३०. मग बोटाएवढं भोक काय ओढणार? ओढतात ती डोळ्याला न दिसणारी छिद्रं आणि सांध्यातली माती. जुन्या घरांना डीपीसी, म्हणजे जोत्यावर ओल अडवणारा थर, कुठली! चढलेलं पाणी भिंतीच्या अंगावरून वाळत राहतं. चढणं आणि वाळणं जिथे सारखं होतं तिथे ओल थांबते. तुमची गुडघ्याशी थांबत होती, तुम्ही वाळायची वाट बुजवलीत. पूड म्हणजे लोणा. पाणी उडतं, क्षार मागे राहतात आणि रंगाला आतून ढकलतात.

पाऊस सरला की गिलावा चिऱ्यापर्यंत खरवडा, उन्हाळाभर भिंत उघडी ठेवा. लोणा कोरड्या ब्रशने झाडा. धुतलात तर विरघळून परत आत जाईल. मग चुन्याचा गिलावा, वर चुन्याचीच सफेदी. आणि अंगण जोत्याच्या वर आलंय का?

सिव्हिल_मिरज: काकांशी सहमत. चिरा जास्त पाणी पितो म्हणून त्याला नावं ठेवू नका. २४ तास बुडवल्यावर नेहमीच्या विटेने वजनाच्या २० टक्क्यांपर्यंत पाणी घेतलेलं आपल्या मानकाला चालतं, जांभ्याला मर्यादा १२ टक्के.

राजापूरचा_चाकरमानी: काका, अंगणात त्याच वेळी पेव्हर ब्लॉक बसवले. थेट भिंतीला भिडवून.

गवंडीकाका: म्हणजे जमिनीतली ओलही भिंतीकडेच वळवलीत. गिलाव्याआधी ते काम. भिंतीलगतचे दीड फूट ब्लॉक काढा, चर मारून खडी भरा, चराला उतार परसाकडे द्या. पागोळ्या तिथेच पडत असतील तर पन्हळ लावा.