मे महिन्यात सजवलेला केक दोन दिवस आधी करून ठेवता येईल का?

सुरंगी (कुडाळ)

नमस्कार. माझ्या सासऱ्यांच्या पंचाहत्तरीचा कार्यक्रम येत्या रविवारी संध्याकाळी मालवणच्या आमच्या मूळ घरी आहे. शनिवारी कुडाळच्या घरी सत्यनारायणाची पूजा असून मुंबईचे पाहुणे शुक्रवारी रात्रीपासूनच येऊ लागतील. त्या दोन दिवसांत स्वयंपाकघराचा ओटा मला केकसाठी मोकळा मिळणार नाही, म्हणून दोन मजली केक शुक्रवारी दुपारपर्यंत सजवून पूर्ण करावा आणि रविवारी सकाळी गाडीतून मालवणला न्यावा, असा माझा विचार आहे. आतल्या थरांत हापूसच्या ताज्या फोडी व फेटलेले क्रीम, वरून फॉन्डंटचे (लाटता येणाऱ्या साखरेच्या गोळ्याचे) आवरण आणि त्यावर फॉन्डंटचीच जास्वंदीची फुले असे योजले आहे, कारण अंगणातली जास्वंद सासऱ्यांनी स्वतः लावलेली आहे.

अडचण अशी की, केक बाहेर ठेवला तर या उकाड्यात क्रीम आंबेल आणि फ्रिजमध्ये ठेवला तर फॉन्डंटला पाणी सुटते, असे मी ऐकले आहे. शिवाय फ्रिजमध्ये राहिलेला स्पंज कोरडा व घट्ट लागतो, हा माझा नेहमीचा अनुभव आहे. आमच्या फ्रिजमध्ये मासळीही असते आणि वळवाचा पाऊस आला की वीज जाते. अशा परिस्थितीत केक ताजा राहील, अशी काही रीत कोणी सांगू शकेल का?

अबोली (रत्नागिरी)

सुरंगीताई, आपण केकला एकच वस्तू मानून तो कुठे ठेवावा हे विचारत आहात, पण त्यातल्या प्रत्येक भागाला वेगळी जागा हवी असते. स्पंज लवकर करून ठेवता येतो, फुले त्याहूनही आधी करता येतात, आणि क्रीम व ताजे फळ मात्र शेवटच्या दिवसापर्यंत थांबायला हवे.

प्रथम स्पंजविषयी. फ्रिजमधला केक घट्ट लागतो त्याला दोन कारणे आहेत. एक म्हणजे त्यातले लोणी गारव्याने गोठते. दुसरे असे की, भाजताना फुललेला मैद्यातला स्टार्च थंड झाल्यावर पुन्हा घट्ट बांधला जाऊ लागतो आणि ही क्रिया फ्रिजच्या तापमानाला, म्हणजे शून्य ते पाच अंशांच्या आसपास, बाहेरच्यापेक्षा अधिक वेगाने होते. उणे १८ अंशांना ती जवळजवळ थांबते. म्हणून स्पंज मधल्या दिवसांत फ्रिजमध्ये न ठेवता फ्रीजरमध्ये ठेवावा. भाजून पूर्ण निवला की प्रत्येक थर क्लिंग फिल्ममध्ये दोनदा घट्ट गुंडाळावा, त्यावर फॉइल लावावी आणि सपाट ताटलीवर ठेवून गोठवावा. असा स्पंज दोन-तीन आठवडेही उत्तम राहतो, त्यामुळे हे काम आपण आजच उरकू शकता. बाहेर काढल्यावर तो सैलावेपर्यंत वेष्टन उघडू नये, म्हणजे हवेतली दमट वाफ केकवर न बसता वेष्टनाच्या बाहेरच्या बाजूला बसते. लोण्याऐवजी तेलाचा स्पंज केला, तर गार असतानाही तो मऊ लागतो. क्रीमच्या केकसाठी मी तोच सुचवीन.

आता फॉन्डंट. ते जवळजवळ सगळे साखरेचेच असते आणि साखर हवेतले पाणी ओढून घेते. किनाऱ्यावरच्या मे महिन्यातल्या हवेत ते पंख्याखालीही चिकट होते, मग फ्रिजमधून काढल्यावर त्याच्या गार पृष्ठभागावर दव धरते, रंग ओघळतात आणि फुलांच्या पाकळ्या मान टाकतात. उलट फेटलेल्या क्रीमला फ्रिज हवाच. त्यामुळे ताज्या क्रीमवर फॉन्डंटचे आवरण ही जोडी आपल्या हवेत दोन दिवस टिकवणे अवघड आहे आणि या दोहोंपैकी एकाची निवड करावी, असे मला स्पष्टपणे वाटते.

फॉन्डंट हवेच असेल, तर आत क्रीमऐवजी गनाश, म्हणजे चॉकलेट व क्रीम एकत्र वितळवून केलेले मिश्रण, वापरा. वजनाने दोन भाग गडद चॉकलेटला एक भाग क्रीम घेतात; उन्हाळ्यात चॉकलेट थोडे वाढवून अडीच भाग घ्यावे, आणि पांढरे चॉकलेट असेल तर तीन भाग. गनाशचा लेप घट्ट झाला की त्यावर फॉन्डंट नीट बसते आणि असा केक वातानुकूलित खोलीत पुठ्ठ्याच्या बंद खोक्यात एक दिवस चांगला राहतो. क्रीम हवे असेल, तर आवरणही क्रीमचेच करा आणि फॉन्डंटची फक्त फुले ठेवा. ती आजच करून पुठ्ठ्याच्या खोक्यात, कोरड्या जागी वाळवावीत. प्लास्टिकच्या हवाबंद डब्यात ओलसर फुले ठेवली तर ती वाळतच नाहीत. मळताना फॉन्डंटमध्ये थोडी सीएमसी पावडर (डिंकासारखी घट्टपणा आणणारी खाण्याची पूड) घातली की पाकळ्या कडक होतात. ही फुले केकवर रविवारी, कार्यक्रमाच्या थोडे आधी लावावीत.

माडाची सावली (देवगड)

वरील सर्व मजकुराशी मी सहमत आहे. केवळ आंब्याविषयी लिहितो, कारण आमच्या घरी या दिवसांत रोज आंबाच हाताळला जातो.

कापलेल्या हापूसला काही तासांतच रस सुटतो, तो क्रीमला पातळ करतो आणि खालचा स्पंज लगदा होतो. त्यामुळे शुक्रवारी आत फोडी भरून रविवारी केक कापणे मला योग्य वाटत नाही. कोकणात आंब्याचा रस साखर घालून आटवून ठेवण्याची जी जुनी रीत आहे, तीच इथे उपयोगी पडेल. रसातले पाणी उडून गेलेले आणि उरलेले साखरेने धरून ठेवलेले असल्यामुळे आटवलेला रस टिकतो आणि स्पंजमध्ये झिरपतही नाही. मंद आचेवर ढवळत, कालथ्याने भांड्याच्या तळाशी रेघ ओढली तर ती क्षणभर तशीच राहील इतका दाट करा, शेवटी थोडा लिंबाचा रस घाला आणि पूर्ण गार झाल्यावरच भरा. थराच्या कडेने क्रीमची जाड वळी काढून तिच्या आत हा रस पसरला, तर वरच्या थराच्या वजनाने तो बाहेर येत नाही. ताज्या फोडी पाहुण्यांना केकसोबत वाटीत द्याव्यात. हापूसचा खरा स्वाद तसाच अधिक कळतो.

कोणी ओला नारळ घालण्याचे सुचवले, तर कृपया तो टाळावा. खोवलेले खोबरे या उकाड्यात दुपारपर्यंतही भरवशाचे राहत नाही.

किनारपट्टी (वेंगुर्ले)

विजेविषयी. फ्रिजचे दार उघडले नाही, तर वीज गेल्यावर आतला गारवा साधारण चार तास पुरतो. भरलेला फ्रीजर बंद राहिला तर दोन दिवसांपर्यंत आणि अर्धा भरलेला एक दिवस गोठलेला राहतो. तेव्हा गोठवलेला स्पंज हा आपल्या केकचा सर्वांत निर्धोक भाग आहे. फ्रीजरमध्ये जागा रिकामी असेल, तर पाण्याच्या बाटल्या गोठवून ठेवाव्यात. त्याच बाटल्या रविवारी थर्माकोलच्या पेटीत केकच्या खोक्याभोवती लावता येतील.

मासळीच्या वासाची आपली शंका रास्त आहे, कारण दुधातली चरबी वास फार लवकर धरते. सुके सोडे आणि सुकट फ्रिजमधून दोन दिवस बाहेर काढून घट्ट झाकणाच्या बरणीत भरावेत, ताजी मासळी शेजारच्या घरी ठेवावी आणि क्रीमचे भांडे झाकूनच आत ठेवावे.

क्रीमच्या बाबतीत एक गोष्ट अगदी मनावर घ्यावी, ही विनंती आहे. दुधाच्या क्रीमचा पदार्थ बाहेर दोन तासांपेक्षा अधिक राहू नये, आणि तापमान ३२ अंशांच्या वर असेल तर एक तासच. मे महिन्यात दुपारी किनाऱ्यावर पारा याच्या वरच असतो. कार्यक्रमात वृद्ध माणसे आणि लहान मुले असणार, म्हणून याबाबत सवलत घेऊ नये. वनस्पती तेलाचे व्हिपिंग क्रीम आकार अधिक वेळ धरते हे खरे, परंतु फेटल्यानंतर तेही फ्रिजमध्येच ठेवावे लागते.

सुरंगी (कुडाळ)

सर्वांचे मनापासून आभार. फॉन्डंटचे आवरण सोडून फक्त जास्वंदीची फुले ठेवायची, असे ठरवले आहे. तेलाचे स्पंज आज रात्री भाजून गोठवते आणि आटवलेला रस घरात आहेच. मालवणच्या घरी फ्रिज आहे. मात्र दोन्ही मजले कुडाळहून एकावर एक रचून न्यावेत की तिथे जाऊन रचावेत, आणि क्रीम कधी लावावे, एवढे कृपया सांगावे.

अबोली (रत्नागिरी)

दोन्ही मजले स्वतंत्र खोक्यांत न्यावेत आणि तिथेच रचावेत. कुडाळ-मालवण रस्ता वळणावळणाचा आहे आणि रचलेला केक वळणावर सरकतो. खालच्या मजल्यात आधार देणाऱ्या काड्या मात्र घरूनच बसवून घ्याव्यात, कारण गार आणि घट्ट केकमध्ये त्या सरळ जातात.

शनिवारी पूजा आटोपल्यावर, रात्री स्पंज गोठलेल्या अवस्थेतून थोडे सैलावू द्या, मग रस आणि क्रीम भरून बाहेरून क्रीमचा पातळ पहिला हात द्या. त्यात चुरा अडकून राहतो. अर्ध्या तासाने दुसरा हात देऊन रात्रभर फ्रिजमध्ये ठेवा. स्पंज आतून गार असल्यामुळे क्रीम लावताना पातळ होणार नाही. सकाळी उन्हे चढण्यापूर्वी निघा, खोकी मागच्या आसनावर न ठेवता गाडीच्या सपाट तळावर ठेवा आणि गाडीतला एसी निघण्यापूर्वीच सुरू करून ठेवा.

मालवणला पोहोचताच केक फ्रिजमध्ये जाऊ द्या. कापण्यापूर्वी वीसेक मिनिटे बाहेर काढून मजले रचा आणि फुले लावा. तेलाचा स्पंज तेवढ्या वेळात खाण्याजोगा मऊ होतो. कापून झाल्यावर उरलेले तुकडे भाषणे संपेपर्यंत टेबलावर न ठेवता लगेच झाकून आत ठेवावेत.