आधी बानाबा, मग नाउरू
नाउरू या पॅसिफिकमधल्या छोट्या बेटावरच्या फॉस्फेटचा (खतासाठी लागणाऱ्या खनिजाचा) वाद १९१९ मध्ये सुरू झाला, असं म्हटलं जातं. थोडं मागे जावं लागेल. मे १९०० मध्ये एका ब्रिटिश कंपनीचा माणूस अल्बर्ट एलिस शेजारच्या बानाबा बेटावर उतरला आणि त्याने ९९९ वर्षांचा खाणहक्क लिहून घेतला. मोबदला वर्षाला ५० पौंड, किंवा तेवढ्याचा माल! ज्याला ‘राजा’ म्हणून सही करायला लावली, त्याला अख्ख्या बेटाच्या वतीने जमीन द्यायचा अधिकारच नव्हता. नाउरूवर जर्मनांचा ताबा, म्हणून तिथे एलिसच्या कंपनीला जर्मन कंपनीशी जुळवून घ्यावं लागलं. पहिल्या महायुद्धात जर्मनी हरल्यावर, १९१९ ला ब्रिटन, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंडने नाउरूचं फॉस्फेट ४२:४२:१६ असं वाटून घेतलं. राष्ट्रसंघाचा मँडेट, म्हणजे नाउरूचा कारभार पाहायचा अधिकार, आला १९२० च्या डिसेंबरात. खाणकामाने उद्ध्वस्त झालेल्या जमिनीसाठी नाउरूने ऑस्ट्रेलियाला आंतरराष्ट्रीय न्यायालयात खेचलं, तेव्हा १९८९ उजाडलं होतं.